आधी पाणी की आधी होकार?

मूल जन्माला आले की बाराव्या दिवशी आपण त्याचे बारसे करतो. नाव काय ठेवायचे ते आत्या आणि आजी ठरवतात, कुलदैवत आधीपासून ठरलेले असते, भाषा आईच्या ओठांतून आपोआप येते. पुढे पाच-सहा वर्षांनी शाळेत नाव घालताना धर्माचा रकाना येतो आणि बाप तो न थबकता भरून टाकतो. या सगळ्यात मुलाला कोणी काही विचारत नाही आणि विचारले नाही म्हणून कोणाला चुकल्यासारखेही वाटत नाही. पण नेमक्या याच मुद्द्यावर ख्रिस्ती जगात गेली पाचशे वर्षे वाद चालू आहे. त्या वादापायी माणसे देशोधडीला लागली, नदीत बुडवून मारली गेली, भावाभावांची प्रार्थनाघरे वेगळी झाली. प्रश्न दिसायला साधा आहे: बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यावा, की माणसाने समजून-उमजून, स्वतः विश्वास ठेवून तो घ्यावा?

वसमत तालुक्यातल्या हट्ट्यात बसून या विषयावर लिहायचे काय कारण, असे कोणी विचारील. आमच्या पारावर हा विषय निघत नाही, हे खरे. पण माझे एक ख्रिस्ती स्नेही आहेत. त्यांच्या घरात चार पिढ्यांपासून लहानपणीच बाप्तिस्मा देण्याची रीत. मुलगा शिकून शहरात नोकरीला लागला आणि तिथे एका वेगळ्या मंडळीत जाऊ लागला. एके दिवशी घरी येऊन म्हणाला, मला पाण्यात उतरून विश्वासाचा बाप्तिस्मा घ्यायचा आहे. बापाने विचारले, "मग तुझ्या आईने आणि मी तुला हातांवर घेऊन देवापुढे नेले, ते काय होते?" मुलगा म्हणाला, "ते तुमचे होते, बाबा. माझे नव्हते." तेव्हापासून त्या घरात जेवणे एकत्र होतात, प्रार्थना मात्र एकत्र होत नाही. दोघेही भले, दोघेही श्रद्धाळू. मग बिनसले कुठे? हे समजून घ्यावेसे वाटले, म्हणून हा लेख.

आधी दोन्ही रीती काय आहेत ते पाहू. कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट या मंडळ्यांत तान्ह्या बाळाच्या मस्तकावर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाणी ओततात किंवा शिंपडतात. बाळ बोलू शकत नाही, म्हणून आईबाप वचन देतात; अनेक मंडळ्यांत त्यांच्याबरोबर धर्ममातापिताही असतात. मूल मोठे झाले की ते वचन स्वतःच्या तोंडाने पक्के करण्याचा दृढीकरणाचा विधी असतो. बाप्टिस्ट, ब्रदरेन, पेंटेकोस्टल अशा मंडळ्यांत बाळाला बाप्तिस्मा देतच नाहीत. कळत्या वयात माणूस सर्वांसमोर आपल्या विश्वासाची साक्ष देतो, मग नदीत, तळ्यात किंवा बांधलेल्या हौदात उतरतो आणि पाळक त्याला पूर्ण पाण्याखाली नेऊन वर काढतो. पाण्याखाली जाणे म्हणजे जुन्या माणसाचे मरण, वर येणे म्हणजे नवा जन्म, असा त्याचा अर्थ.

दोन्ही बाजूंकडे शास्त्राधार आहेत. बालबाप्तिस्मा मानणारे म्हणतात, की यहुदी लोकांत मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. करारात यायला बाळाच्या संमतीची अट नव्हती. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात फिलिप्पै नगरातल्या लुदियेचा आणि तिथल्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा 'घरच्यांसह' झाला असे आहे. घर म्हटले की त्यात लेकरे आलीच. आणि सर्वांत मोठा मुद्दा हा, की देवाची कृपा माणसाच्या समजुतीची वाट पाहत नाही. समोरची मंडळी म्हणतात, की नव्या करारात एकाही तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचा स्पष्ट उल्लेख नाही. जिथे तिथे क्रम एकच: ऐकले, विश्वास ठेवला, मग बाप्तिस्मा घेतला. आणि विश्वास ही एकाच्या वतीने दुसऱ्याने करायची गोष्टच नव्हे.

इतिहास कोणा एकाच्या बाजूने सरळ उभा राहत नाही. इसवी सन 200 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला टर्टुलियन मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नका असे सांगत होता. म्हणजे तेव्हा मुलांना बाप्तिस्मा दिला जात होता आणि त्याबद्दल शंकाही होत्या. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन याने बाप्तिस्मा घेतला तो 337 मध्ये, मरणशय्येवर. जन्मतःच्या पापाचा सिद्धांत मांडून बालबाप्तिस्म्याला भक्कम आधार देणारा संत ऑगस्टीन स्वतः मात्र ख्रिस्ती आईच्या पोटी जन्मूनही 387 मध्ये, तिशी ओलांडल्यावर, मिलान येथे बाप्तिस्मा घेतो!

पुढे हजारभर वर्षे युरोपात बालबाप्तिस्मा हाच नियम राहिला आणि तो केवळ धर्माचा नियम राहिला नाही. गावात जन्मलेले प्रत्येक मूल चर्चचे आणि म्हणून राज्याचे, असा हिशेब झाला. 21 जानेवारी 1525 रोजी झुरिकमध्ये कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉक याला प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा दिला, तेव्हा राज्यकर्त्यांना त्यात बंड दिसले ते त्यामुळेच. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झ याला 5 जानेवारी 1527 रोजी लिम्मात नदीत बुडवून मारण्यात आले. पाण्याचा आग्रह धरणाऱ्याला पाण्याचीच शिक्षा! ही शिक्षा देणारे पोपचे लोक नव्हते, स्वतःला सुधारक म्हणवणारे होते. 2004 मध्ये झुरिकच्या चर्चने या छळाबद्दल जाहीरपणे क्षमा मागितली. क्षमा मागायला 477 वर्षे लागली.

हा वाद जहाजात बसून आपल्याकडेही आला आणि मराठी मुलखाशी त्याचा संबंध फार जवळचा आहे. मराठीचे व्याकरण 1805 मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश 1810 मध्ये छापणारा विल्यम कॅरी बाप्टिस्ट होता. नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साह्याने तो मराठी शिकला. याच कॅरीने 28 डिसेंबर 1800 रोजी श्रीरामपूरला हुगळी नदीत कृष्ण पाल या सुताराला बाप्तिस्मा दिला आणि त्याच दिवशी, त्याच पाण्यात, स्वतःच्या फेलिक्स या मुलालाही दिला. धर्मोपदेशकाचा मुलगा झाला म्हणून त्याला काही आपोआप मिळाले नव्हते.

यानंतरची हकिकत अधिक रंजक आहे. 1812 च्या फेब्रुवारीत अमेरिकेहून पहिले मिशनरी हिंदुस्थानात यायला निघाले. सगळे बालबाप्तिस्मा मानणारे. त्यांतला अडोनिरम जडसन कलकत्त्याला बाप्टिस्टांची गाठ पडणार म्हणून त्यांना उत्तर देण्याची तयारी करत प्रवासभर ग्रीक नवा करार वाचत बसला आणि वाचता वाचता त्यालाच विरुद्ध पक्षाचे पटले! 6 सप्टेंबर 1812 रोजी कलकत्त्यात त्याने पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतला. त्याचा सहकारी ल्यूथर राइसही पुढे त्याच वाटेने गेला. ज्यांना हे पटले नाही त्यांच्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले आणि त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला. ज्या मिशनच्या शाळा मुंबईपासून अहमदनगरपर्यंत पसरल्या, ज्यात पुढे रेव्हरंड टिळक आले, ते मिशन म्हणजे या वादातून फुटलेल्या तुकडीचा एक भाग होय.

भाषांतरातही हीच भांडणे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'बुडवणे' असा आहे, म्हणून बंगाली बायबलात तसाच शब्द घालू, असे बाप्टिस्ट म्हणाले. ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने त्याला नकार दिला आणि 1840 मध्ये बाप्टिस्टांना वेगळी भाषांतर संस्था काढावी लागली. मराठीत 'बाप्तिस्मा' हा ग्रीक शब्दच राहिला. शिंपडणारा आणि बुडवणारा, दोघांनाही तो चालतो. न समजणारा शब्द ठेवला की भांडण टळते, हे शहाणपण सरकारी कागदपत्रे लिहिणाऱ्यांना आपल्याकडे फार आधीपासून ठाऊक आहे.

पण हा वाद खऱ्या अर्थाने कळतो तो महाराष्ट्रातल्या माणसांच्या आयुष्यांत. पंडिता रमाबाईंचेच पाहा. 1883 च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शास्त्रे पढलेली, सभांमधून पंडितांना निरुत्तर करणारी विदुषी, विचार करून घेतलेला निर्णय. त्याच वेळी त्यांच्या छोट्या मनोरमेलाही बाप्तिस्मा देण्यात आला. तिला अडीच वर्षेही पुरी झाली नव्हती. आईचा विश्वासाचा बाप्तिस्मा, लेकीचा बालबाप्तिस्मा! पुढे याच मनोरमेला धर्माचे काय शिकवावे यावरून रमाबाई आणि त्यांच्या धर्मगुरुभगिनी जेराल्डीन यांच्यात पत्रांतून खडाजंगी झाली. माझ्या मुलीच्या शिक्षणाचा निर्णय मी करीन, हा रमाबाईंचा बाणा. आणि कित्येक वर्षांनी रमाबाईंनीच लिहून ठेवले, की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो नंतर सापडला. म्हणजे कळत्या वयात, पुरत्या विचाराने घेतलेला बाप्तिस्माही त्यांच्या मते 'आधी पाणी, मग विश्वास' याच क्रमाने गेला. केवळ वय वाढल्याने होकार पुरा होत नाही, हे यावरून दिसते.

टिळकांच्या घरात तर एकाच छपराखाली दोन घड्याळे चालत होती. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढे त्या पतीकडे राहायला आल्या तरी सोवळे-ओवळे सांभाळून राहिल्या. ते कसे हळूहळू गळत गेले, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाचेक वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाला पटल्यावर. टिळक अखेरीस आणखी पुढे गेले. 1917 मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी. पाणी हे दार असावे, कुंपण होऊ नये, असे त्यांना म्हणायचे असावे.

मुलाच्या मनाचे मोठ्यांनी काय करून टाकावे, याचे एक जुने उदाहरण मराठवाड्याशी नाते सांगणारे आहे. जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवणारे नारायण शेषाद्री यांनी 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, तोही मिशनच्या आश्रयाला राहिला. वडील कोर्टात गेले. मुलगा अजाण आहे, त्याला वडिलांच्या ताब्यात द्या, असा निकाल झाला. घरी आणले तर जात घेईना, कारण तो मिशनऱ्यांकडे जेवला होता. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे अशी बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. सगळा महाराष्ट्र त्या मुलाबद्दल बोलत होता: तो कोणाचा, त्याला कोण ठेवणार, कोण शुद्ध करणार. कळते वय कोणते, हे कोर्टाने ठरवले, शास्त्रींनी ठरवले, मिशनऱ्यांनी ठरवले. त्या कळत्या-नकळत्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या पोराच्या मनात काय होते, ते या गदारोळात बुडून गेले.

हे सारे आपल्याला परके वाटू नये. आमच्या हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे परंपरेने नामदेवांचे गाव. विठ्ठल ज्यांच्या हातून जेवला असे सांगतात, त्या लाडक्या नामदेवांना संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे मारून कच्चे मडके ठरवले! मग औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे त्यांना ज्ञान झाले. जन्मापासूनची भक्ती होतीच, तरी भट्टीतून जाणे चुकले नाही. लिंगायत घरांत तान्ह्या बाळाला लिंग बांधतात आणि दीक्षा पुढे, थोडे मोठे झाल्यावर होते. वारकऱ्याच्या घरात मूल अभंग ऐकतच वाढते. पण गळ्यात माळ घालायची तर पथ्ये पाळण्याची तयारी लागते. नांदेड आम्हांला हाकेच्या अंतरावर. तिथल्या शीख कुटुंबांत जन्मलेला मुलगा शीखच. तरी 1699 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी सुरू केलेले खालशाचे अमृत तो घेतो ते समजून-उमजून. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखोंनी जी दीक्षा घेतली, ती तर सोडणे आणि स्वीकारणे यांचा उघड, बोलून दाखवलेला होकार होता. त्यांच्या नातवंडांना तो धम्म जन्मानेच मिळाला आहे. आजोबांनी बावीस प्रतिज्ञा ज्या तळमळीने घेतल्या ती तळमळ नातवात कशी यायची, हा प्रश्न तिथेही आहेच. धर्मांतर करणाऱ्या पहिल्या पिढीला पाणी आणि होकार एकत्र मिळतात. दुसऱ्या पिढीपासून त्यांची ताटातूट होते. मूळ दुखणे हे आहे.

याच नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी या वादावर एक तोडगा अमलात आला. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेची युनायटेड चर्च, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स अशा सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली. बाप्तिस्म्यावर हटून बसल्या असत्या तर ही एकी होणेच शक्य नव्हते. त्यांनी ठरवले, की बालबाप्तिस्मा आणि विश्वासाचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती मान्य. आईबापांना वाटले तर बाळाला बाप्तिस्मा द्यावा आणि मोठेपणी त्याने आपला विश्वास पक्का करावा. नाहीतर बाळाला आशीर्वाद देऊन देवाला समर्पित करावे आणि मोठेपणी त्याने बाप्तिस्मा घ्यावा. जगभरच्या चर्चनी 1982 मध्ये लिमा येथे तयार केलेल्या निवेदनाचा सूरही असाच आहे: दोन्ही रीतींचा मान राखावा, मात्र एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा देऊ नये.

नीट पाहिले तर दोन्ही मंडळ्या दोन्ही गोष्टी करतात. ज्यांनी पाणी आधी दिले त्यांना नंतर दृढीकरण लागलेच. ज्यांनी पाणी नंतर ठेवले त्यांना बाळाला देवापुढे नेऊन आशीर्वाद घेतल्याशिवाय राहवले नाही. देणे आणि घेणे या दोन्ही टोकांशिवाय कोणाचेच भागत नाही. वाद उरतो तो पाणी कोणत्या टोकाला ठेवायचे एवढ्यापुरता. तो वाद क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. फेलिक्स मान्झने त्यासाठी जीव दिला. पण त्यापायी बापलेकांची प्रार्थना तुटावी इतका तो मोठा नाही.

माझे मत विचाराल तर असे. बाळाला धर्मात वाढवणे ही त्याच्यावर जबरदस्ती आहे, हे मला पटत नाही. 'मोठा झाला की त्याची भाषा तोच निवडील' असे म्हणून आपण मुलाशी मुके राहत नाही. काहीच न देणे म्हणजे स्वातंत्र्य देणे नव्हे. रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या मुलाला निवडायचे तरी काय? म्हणून बालबाप्तिस्म्यामागची भावना खरी आहे. पण जे दिले ते मुलाने घेतलेच, असे धरून चालणे ही आळशी आईबापांची सोय आहे. देवापुढे वचन दिले ते आईबापांनी. दिवसाचा समारंभ, जेवणावळ आणि फोटो झाले की ते वचन विसरायचे आणि वीस वर्षांनी मुलगा दुसऱ्या दारात गेला की त्याला बेइमान म्हणायचे, हा न्याय नव्हे. विश्वासाच्या बाप्तिस्म्याचा आग्रह धरणारे या आळसावर बोट ठेवतात आणि तेही खरे आहे.

तसेच, आमच्या हौदात उतरल्याशिवाय तू ख्रिस्ती नाहीस, तुला प्रभुभोजन नाही, असे ज्या मंडळ्या आल्यागेल्याला सुनावतात, त्यांनीही जरा थांबावे. आईबापांच्या हातून झालेले पुसून टाकल्याशिवाय मुलाचा होकार खरा ठरत नाही, हे कोणी ठरवले? होकाराला जुने रद्द करावे लागत नाही. 'तुम्ही जे माझ्या वतीने म्हणालात ते आता मी म्हणतो' असे म्हणता येते. आणि कोणाला तेही म्हणता येत नसेल, त्याचे मन पाण्यात उतरल्याशिवाय शांत होत नसेल, तर घराने त्याला सोडू नये. नाकारण्यातही एक प्रामाणिकपणा असतो. खोटा होकार घेऊन घर एकत्र ठेवण्यापेक्षा तो बरा.

हे जसे ख्रिस्ती घराला, तसेच आपल्या सगळ्यांच्या घरांना लागू आहे. मुंज लावतो, माळ घालतो, दीक्षाभूमीवर नेतो, नमाज शिकवतो. देताना हात आखडू नये आणि कधीतरी, मूल विचारण्याजोगे झाले की, त्याला विचारावे: हे तुला पटते का? उत्तर ऐकण्याची तयारी ठेवूनच विचारावे. बारशाला आपण पाळण्याभोवती जमतो आणि बाळाच्या कानात नाव सांगतो. ते नाव त्याचे केव्हा होते? कोणीतरी हाक मारते आणि ते वळून पाहते, तेव्हा. नाव ठेवणे आपले काम. वळून पाहणे त्याचे. मधल्या वर्षांत प्रेमाने हाक मारत राहावी, एवढेच आपल्या हाती असते.